चेंडू फेकणारें यंत्र व आपलें शिक्षण

लगोरी हा खेळ ठाऊक नाहीं असा विद्यार्थी आपल्या भंडारा जिल्ह्यांत क्वचितच सांपडेल. कौलांचे किंवा चपट्या दगडांचे तुकडे एकावर एक रचावे, दुरून नेम धरून चेंडू मारावा, आणि रचना ढासळली कीं प्रतिपक्षाचा मारा चुकवीत ती पुन्हां उभी करावी, असा हा साधा खेळ आहे. परंतु नेम, चपळाई व परस्परांवरील विश्वास या तिहींची कसोटी त्यांत लागते. हाच खेळ 2022 सालीं नवी दिल्ली येथें यंत्रांकडून खेळविला गेला. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन या संस्थेच्या विद्यमानें महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकरितां 2002 सालापासून 'रोबोकॉन' नांवाची यंत्रमानवांची स्पर्धा भरत आली आहे. 2022 चें यजमानपद भारताकडे होतें व स्पर्धेचा विषय लगोरी हाच होता. एका यंत्रानें चेंडू फेकून पांच चकत्यांची रास पाडावयाची, त्याच्या जोडीदार यंत्रानें ती पुन्हां रचावयाची, आणि रचणाऱ्या यंत्राच्या डोक्यावर ठेवलेला चेंडू प्रतिपक्षाच्या यंत्रानें आपल्या चेंडूनें पाडावयाचा, असे तिचे नियम होते.

त्यापूर्वीं 2008 सालीं हीच स्पर्धा पुण्यास भरली, तेव्हां दहीहंडीवरून 'गोविंदा' हा विषय दिला गेला होता. 2025 सालीं मंगोलियांतील उलानबाटर येथें यंत्रें बास्केटबॉल खेळलीं. शाळेंतील विद्यार्थ्यांसाठींही अशा स्पर्धा आहेत. 'फर्स्ट टेक चॅलेंज' या स्पर्धेच्या 2025-26 च्या हंगामांत जांभळे व हिरवे पोकळ चेंडू उचलून ठराविक जागीं फेकणारें यंत्र करावयाचें होतें, आणि सामन्याच्या आरंभीं तें 18 इंच लांबी, रुंदी व उंचीच्या घनांत मावावें अशी अट होती. सारांश, चेंडू फेकणें ही गोष्ट आतां केवळ क्रीडांगणावरची राहिली नसून कार्यशाळेंतलीही झाली आहे. आमच्या शाळेंत ती गेल्या वर्षीं आली. तिच्यापासून आम्ही काय शिकलों, आणि येत्या वर्षीं शाळेनें व पालकांनीं कोणतें धोरण ठेवावें, याविषयीं आमचें मत वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम यंत्राची रचना सांगणें अवश्य आहे. कारण ती समजल्यावांचून पुढील वाद समजणार नाहीं. चेंडू फेकण्याच्या युक्त्या अनेक आहेत. रबराच्या ताणावर चालणारी गलोल तर खेड्यांतील प्रत्येक मुलास माहीत आहे. परंतु एकामागून एक चेंडू फेकावयाचे असतील तर फिरत्या चाकांची योजना सोयीची पडते. दोन रबरी चाकें समोरासमोर ठेवून उलट दिशांनीं वेगानें फिरवावीं, त्यांमधील अंतर चेंडूच्या जाडीपेक्षां किंचित् कमी ठेवावें, व मागून चेंडू आंत ढकलावा. चाकें त्याला दोहों बाजूंनीं धरून पुढें झुगारून देतात. क्रिकेटच्या सरावासाठीं वापरलें जाणारें गोलंदाजीचें यंत्र पुष्कळदां याच तत्त्वावर चालतें. चेंडू घसरला नाहीं तर तो चाकाच्या कडेच्या वेगानेंच बाहेर पडतो.

आमच्या मुलांपुढील अट अशी होती कीं, 5 मीटर अंतरावर ठेवलेल्या 40 सेंटिमीटर रुंद तोंडाच्या टोपलींत 3 मिनिटांत 10 चेंडू टाकावे. यंत्राचें तोंड व टोपलीचें तोंड यांची उंची एकच होती. हवेचा अडथळा क्षणभर बाजूस ठेवला, तर 45 अंशांच्या कोनांत 5 मीटर जाण्यास चेंडूला सेकंदास 7 मीटर वेग लागतो. आणि 10 सेंटिमीटर व्यासाचें चाक मिनिटास सुमारें 1,340 फेरे फिरेल तेव्हां त्याच्या कडेला तो वेग येतो. 45 अंशांच्या कोनांत फेकलेली वस्तु सर्वांत दूर जाते हें इटलींतील तार्ताग्लिया यानें 1537 सालीं छापलेल्या ग्रंथांत सांगितलें होतें, आणि फेकलेल्या वस्तूचा मार्ग परवलयाकार असतो हें गॅलिलिओनें 1638 च्या आपल्या ग्रंथांत सिद्ध केलें. तार्ताग्लियाच्या डोळ्यांपुढें तोफेचा गोळा होता. तोच हिशेब आज मुलांच्या चेंडूला उपयोगी पडत आहे, ही आनंदाची गोष्ट होय.

खरी मौज पुढेंच आहे. याच कोनाजवळ यंत्राचें तोंड 2 अंशांनीं खालीं-वर झालें, तर चेंडूचा पल्ला जेमतेम 1 सेंटिमीटरनें बदलतो. परंतु चाकाचा वेग शेंकडा 2 नें कमी झाला, तर तोच पल्ला सुमारें 20 सेंटिमीटरनें घटतो व चेंडू टोपलीच्या कांठाला लागून बाहेर पडतो. म्हणजे डोळ्यांना दिसणारा कोन फारसा दगा देत नाहीं. न दिसणारा वेग मात्र देतो. यावरून ध्यानांत येईल कीं, अशा यंत्राची किंमत तें किती दूर फेकतें यावर अवलंबून नाहीं; पहिल्या फेकीसारखीच दहावी फेक करितें कीं नाहीं, यावर आहे. भंडारा हें पितळेच्या भांड्यांसाठीं नांवाजलेलें गांव. येथील कारागीर भांडें घडवीत असतां त्याच्या हातोडीचे ठोके ऐकावे. एकासारखा दुसरा पडतो. एखादा ठोका जोराचा बसला म्हणून भांडें होत नाहीं. सर्व ठोके सारखे बसले म्हणजे होतें.

आमच्या आठ मुलामुलींनीं यंत्र तयार केलें तें साध्या सामानाचें होतें. सायकलच्या ट्यूबचें रबर चढविलेलीं दोन लांकडी चाकें, नागपूरच्या बाजारांतून आणलेल्या दोन मोटारी, आणि शेतावर फवारणी करण्याच्या पंपाची 12 व्होल्टांची बॅटरी, एवढाच त्याचा संसार. पहिल्या 50 फेकींत 11 चेंडू टोपलींत पडले. मुलें हिरमुसलीं. प्रत्येकाचें निदान वेगळें होतें. कोणी कोन बदला म्हणे, कोणी मोटार बदला म्हणे. त्यांत नववींतील एका विद्यार्थिनीनें वहींत रकाने आंखले, व प्रत्येक फेकीचा क्रमांक, चेंडू पडल्याची जागा आणि दोन फेकींमधील वेळ लिहिण्यास आरंभ केला. दोन दिवसांनीं त्या वहीनेंच उत्तर दिलें. थोडें थांबून फेकलेला चेंडू टोपलीपर्यंत पोहोंचे. त्याच्या पाठोपाठ फेकलेला दुसरा व तिसरा अलीकडे पडे. चेंडूला वेग देतांना चाक स्वतः मंदावतें, व पुन्हां पूर्ण वेगावर येण्यास त्याला अवधि लागतो, हें तिच्या आंकड्यांवरून उघड झालें.

हा प्रश्न घेऊन मुलें गांवांतील एका वृद्ध पितळ कारागिराकडे गेलीं. काकांनीं सर्व ऐकून घेतलें व एवढेंच विचारलें, "पोरांनो, कुंभाराचं चाक कधीं हलकं पाहिलं का?" मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं. जड चाकाच्या ठिकाणीं तें फिरत असतां अधिक शक्ति सांठलेली असते, म्हणून चेंडूनें तींतील थोडी नेली तरी चाकाचा वेग फारसा घटत नाहीं. हें तत्त्व पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत पुढील वर्गांत यावयाचें. आमच्या मुलांस तें भट्टीजवळ बसून मिळालें. काकांनीं मोडीच्या पितळेच्या दोन चकत्या कातून दिल्या. त्या जोडल्यावर चाकें वेग घेण्यास अधिक वेळ लावूं लागलीं, पण एकदां घेतलेला वेग सोडीनात. पुढील 50 फेकींत 34 चेंडू टोपलींत पडले.

येथवरची हकीकत सांगतांना आम्हांस आनंद होतो. पुढील भाग सांगतांना संकोच वाटतो. तथापि तो सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. स्पर्धेच्या आदल्या सायंकाळीं मुलें घरीं गेल्यावर आम्ही एकटेच यंत्रापाशीं बसलों होतों. मोह आवरला नाहीं. बॅटरी जुनी दिसली म्हणून नवी बसविली. आणि चाकांमधील अंतर जास्त वाटलें म्हणून तेंही थोडें कमी केलें. दुसऱ्या दिवशीं 10 पैकीं 4 चेंडू टोपलींत पडले, बाकीचे तिच्यावरून पलीकडे गेले. वही धरलेल्या त्या मुलीनें आमच्याकडे पाहून विचारलें, "सर, दोन्ही एकदम बदललं, आतां कशामुळें चुकलं म्हणून लिहूं?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तिनें तो रकाना कोरा सोडला. दहा चेंडूंचें दुःख मुलें दोन दिवसांत विसरलीं, परंतु तो कोरा रकाना आमच्या मनांतून गेला नाहीं.

त्याच स्पर्धेंत दुसऱ्या एका संघाच्या यंत्रानें 10 पैकीं 9 चेंडू टोपलींत टाकिले. यंत्र देखणें होतें. परीक्षकांनीं सहज विचारलें कीं, चाकांमध्यें एवढेंच अंतर कां ठेविलें? यंत्र चालविणाऱ्या मुलानें उत्तर देण्यापूर्वीं प्रेक्षकांत बसलेल्या एका गृहस्थाकडे पाहिलें. यंत्र त्या गृहस्थानेंच मोबदला घेऊन करून दिलें होतें, हें मागाहून मुलांच्या बोलण्यांतून कळलें. त्या मुलाचा उपहास करण्याचा आमचा हेतु नाहीं. तो आमच्या मुलांइतकाच बुद्धिमान् असेल. त्याला विचार करण्याची संधि कोणीं दिलीच नव्हती. शिवाय आदल्या सायंकाळीं आम्हीं जें केलें तें त्या गृहस्थाच्या कृत्याहून फारसें निराळें नव्हतें. त्यानें मुलांचें सर्व काम हिरावून घेतलें, आम्हीं त्यांची एक सायंकाळ हिरावून घेतली.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. पालकांच्या सभेंत कांहीं हितचिंतकांनीं अशी सूचना केली आहे कीं, वर्गणी जमवून मोठ्या शहरांतून एक जाणता माणूस आणावा, त्यानें यंत्र करून द्यावें, मुलांनीं तें चालविण्यास शिकावें, म्हणजे शाळेचें नांव होईल. सूचना प्रेमानें केलेली आहे याबद्दल आम्हांस शंका नाहीं. लहान गांवांतील शाळा मागें पडूं नये ही कळकळ तिच्या मुळाशीं आहे, व ती आमच्याही मनांत आहे. तथापि आम्हांस ही सूचना मान्य नाहीं.

शाळेच्या कपाटांत ढाल आली, पण ती ज्या यंत्रानें मिळविली त्याचें मर्म एकाही मुलास ठाऊक नसलें, तर त्या ढालीवर नांव कोणाचें कोरावें? निबंध दुसऱ्यानें लिहून दिला तर आपण त्याला लबाडी म्हणतों. मग यंत्र दुसऱ्यानें करून दिलें तर त्याचा अभिमान कसा धरावा? रोबोकॉनसारख्या मोठ्या स्पर्धेंतही यंत्रें स्पर्धक विद्यार्थ्यांनीं स्वतः केलेलीं असावीं असाच दंडक आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेंही पाहावें. चेंडू नवे आले, जमीन उंचसखल निघाली, बॅटरी उतरली, कीं आयतें यंत्र चालविणारा हात जोडून उभा राहतो. ज्यानें तें केलें असतें त्याला, दोष कोठें शोधावयाचा, एवढें तरी ठाऊक असतें.

यावर कोणी म्हणेल कीं, मोटारी तुम्हींही विकतच आणल्या, व कारागिराची मदतही घेतली. खरें आहे. मोटार घरीं करावी असा आमचा हट्ट नाहीं. परंतु काकांनीं चकत्या कातून दिल्या तेव्हां प्रश्न मुलांनीं नेलेला होता, आणि चकत्या बसविल्यावर काय फरक पडला तें मुलांनींच मोजिलें. मदत घेणें व आपल्या जागीं दुसऱ्यास उभें करणें यांतील भेद तो हाच.

दहावीच्या परीक्षेचें वर्ष जवळ येत असतां मुलांनीं चेंडू फेकीत बसावें काय, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या घराचा वर्षाचा खर्च धानाच्या पिकावर चालतो, त्या घरांतील बापानें तो घेतला तर त्याला दोष देतां येणार नाहीं. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, दहावीच्या मुलांस या कामांत घेऊं नये; आठवी व नववीच्या मुलांस आठवड्यांतून दोन दिवस, शाळा सुटल्यावर एक तास द्यावा. यानें परीक्षेंतील गुण वाढतील असें वचन आम्ही देत नाहीं. एवढें मात्र आम्हीं पाहिलें कीं, सरासरी, शेंकडेवारी व आलेख हीं प्रकरणें ज्यांना कंटाळवाणीं वाटत, तींच मुलें आपल्या 50 फेकींची सरासरी न सांगतां फळ्यावर मांडूं लागलीं. कारण त्या आंकड्यांत त्यांचे स्वतःचे चेंडू होते.

दुसरी गोष्ट मुलींविषयींची. वही मुलींकडे व पाना-पेचकस मुलांकडे, ही वांटणी आमच्या येथेंही आपोआप होऊन गेली होती. वही लिहिणाऱ्या मुलीनेंच दोष शोधून काढिला, तरी चकत्या बसवितांना ती दूर उभी होती, हें आमच्या लक्षांत उशीरां आलें. येत्या वर्षीं वही व पाना हीं दोन्ही आळीपाळीनें प्रत्येकाच्या हातीं गेलीं पाहिजेत.

मग शाळेनें काय द्यावें? केंद्र सरकारनें 2016 सालीं सुरू केलेल्या अटल इनोव्हेशन मिशनखालीं सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठीं अनेक शाळांतून अटल टिंकरिंग लॅब निघाल्या आहेत. ज्यांना त्या लाभल्या त्यांचें भाग्य थोर. परंतु सामान आलें म्हणजे शोधक बुद्धि येतेच असें नाहीं, आणि सामान थोडें म्हणून ती येत नाहीं असेंही नाहीं. आम्हांस व्हरांड्याचा एक कोपरा, कुलूप असलेली एक पेटी, मोजपट्टी, कोनमापक व डोळ्यांवर लावावयाचे संरक्षक चष्मे एवढें पुरेल. फिरत्या चाकांवर जाळीचें झांकण असल्यावांचून कळ दाबूं द्यावयाची नाहीं, हें मात्र कटाक्षानें पाहिलें जावें. वर्गणी जमवावयाचीच असेल तर ती या वस्तूंसाठीं जमवावी. आणि जाणता माणूस आणावयाचा असेल तर तो दूरच्या शहरांतूनच कां? सायकली दुरुस्त करणारे, पंपाच्या मोटारीचें वाइंडिंग करणारे, पितळ घडविणारे असे हात आपल्याच गांवांत आहेत. त्यांस महिन्यांतून एकदां शाळेंत सन्मानानें बोलवावें, व मुलांनीं आपले प्रश्न त्यांच्यापुढें ठेवावे.

नियम तीनच असावे. प्रत्येक फेक वहींत लिहावी, चुकलेली तर अवश्य लिहावी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. आणि शिक्षकानें यंत्रास हात लावूं नये, प्रश्न विचारावा. या तिहींत तिसरा नियम सर्वांत कठीण आहे, हें आम्ही अनुभवानें सांगतों. मूल चुकत असतां स्वस्थ बसणें हें शिकविण्याहून अवघड काम आहे. बक्षीस मिळालें तर आम्हांस आनंदच होईल. परंतु त्यासाठीं मुलांच्या हातांतील काम काढून घेऊं नये, एवढी आमची पालकांस व शाळेच्या चालकांस विनंति आहे.

वही लिहिणारी ती विद्यार्थिनी आतां दहावींत गेली. आमच्याच नियमानें तिला या कामांतून बाहेर राहावें लागलें, आणि तिनें वही आठवींतील एका मुलाच्या स्वाधीन केली. नव्या मुलांनीं पहिलें काम केलें तें आम्हांस न विचारतां केलें. त्यांनीं जुनी बॅटरी लावून व आम्हीं कमी केलेलें अंतर तसेंच ठेवून 20 चेंडू फेकिले. नंतर नवी बॅटरी लावून व अंतर पूर्ववत् करून आणखी 20 फेकिले. पहिल्या खेपेस बहुतेक चेंडू टोपलीच्या पलीकडे गेले. दुसऱ्या खेपेस बहुतेक टोपलींत पडले. दोष बॅटरीचा नव्हता. वहींतील तो रकाना आतां कोरा नाहीं. "सरांनीं चाकांमधील अंतर कमी केलें" असें त्यांत स्वच्छ अक्षरांत लिहिलेलें आहे, व त्याखालीं आम्हीं सही केली आहे.